केस नको, जोड द्या!

चित्रपटावर लिहिणे हा आमचा प्रांत नव्हे. दिवस कोर्टाच्या आवारात जातो, संध्याकाळ चळवळीच्या बैठकांत. तरीही आज या सदरात एका तामिळ चित्रपटावर आणि त्याच्या लेखक-दिग्दर्शकावर लिहिणार आहोत. त्याला कारण घडले ते सायखेड्यात, आमच्या ओटीवर.

गेल्या वर्षी यात्रांच्या हंगामात गोदाकाठच्या एका गावातला तरुण आपल्या आईला घेऊन आमच्याकडे आला. वय वीस-एकवीस. अंगाने भरलेला, कान कुस्तीने चुरगळलेले. आई दिवसभर कांद्याच्या खळ्यावर, पोरगा पहाटे दुसऱ्या गावच्या तालमीत. गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागला, तेव्हा हा लंगोट कसून मातीत उतरला. पंच जोडी लावत होते. नारळाच्या कुस्त्या झाल्या, शंभराच्या झाल्या, पाचशेच्या झाल्या. याला जोड कोणी देईना. शेवटी यानेच हात वर करून गावच्या नावाजलेल्या पैलवानाला मागितले. तेव्हा गर्दीतून आवाज आला, "हलगी कुठं ठेवून आलास रे?" माणसे हसली. पंचही हसले. पोरगा अंगाची माती तशीच ठेवून घरी गेला.

आम्ही वकिली सवयीने वही काढली. साक्षीदार कोण, किती वाजता, शब्द नेमके काय. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यात कलम ३(१)(आर) आहे. चारचौघांच्या देखत अपमान करण्याच्या हेतूने पाणउतारा केला, तर तो गुन्हा. आम्ही हे सगळे समजावून सांगत होतो. पोरगा खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "वकीलसाहेब, केस नको. मला जोड मिळवून द्या."

वाचकहो, वीस वर्षांच्या वकिलीत आम्हाला इतके निरुत्तर कोणी केले नव्हते. कोर्ट शिक्षा देऊ शकते, भरपाई देऊ शकते. पण जोड? बरोबरीचा माणूस म्हणून समोर उभे राहण्याचा मान कोणत्या कलमाने मिळवायचा?

त्या आठवड्यात एका शिक्षक कार्यकर्त्याच्या घरी आम्ही पंधरा-सोळा जण 'सारपट्टा परंबरै' हा चित्रपट पाहायला बसलो. त्या पोरालाही मुद्दाम बोलावले. तामिळ कोणालाच येत नव्हते. शिक्षक इंग्रजी ओळी वाचून मधूनमधून मराठीत सांगत होते. हळूहळू त्यांना सांगण्याची गरज उरली नाही.

परंबरै म्हणजे आपली परंपराच. उत्तर मद्रासच्या वस्त्यांत, गोदीच्या आसपास, इंग्रजांच्या काळात मुष्टियुद्ध रुजले. गोदी कामगार, मच्छीमार, दलित, मुस्लिम, ख्रिस्ती अशी हातावर पोट असलेली माणसे त्यात उतरली. आपल्याकडे जशा तालमी, तशी तिथे मुष्टियुद्धाची घराणी तयार झाली. सारपट्टा हे त्यातले एक, इडियप्पा हे दुसरे. आपल्याकडे वस्ताद, तिथे वात्यार. चित्रपट १९७० च्या दशकातला, आणीबाणीच्या काळातला आहे. कबिलन हा गोदीत ओझी उचलणारा तरुण. बाप मुष्टियोद्धा होता, पण गुंडगिरीच्या नादाने मारला गेला. म्हणून आई भाग्यम पोराला रिंगणाजवळ फिरकू देत नाही. चोरून गेला तर केरसुणीने बडवते. तरी पोरगा जातोच. रंगन वात्याराची इज्जत पणाला लागलेली असते. ती राखायला कबिलन उतरतो आणि इडियप्पाच्या वेंबुलीला भिडण्यापर्यंत पोचतो.

इथपर्यंतची गोष्ट कोणीही सांगितली असती. गरीब पोरगा, कडक गुरू, मोठा शत्रू. अमेरिकेत असे चित्रपट खंडीभर निघाले. पा. रणजित यांचे वेगळेपण यापुढे आहे. कबिलन जिंकण्याच्या बेतात असतो. नेमक्या त्या वेळी रिंगणात घुसून त्याला नागवे केले जाते. आणि ते करवणारा तनिगा शत्रूच्या घराण्यातला नसतो, सारपट्ट्याचाच असतो! आपल्या नात्यातला रामन मागे पडला आणि हा गोदीतला पोरगा पुढे गेला, हे त्याला सोसत नाही. घराण्याची हार त्याला चालते, कबिलनच्या हातून आलेली जीत चालत नाही.

हा प्रसंग सुरू झाला तसा तो पोरगा उठून अंगणात गेला. आम्ही कोणी त्याला हाक मारली नाही. दहा मिनिटांनी तो परत येऊन भिंतीला टेकून बसला.

आमच्यातल्या वकिलाला तिथे एक गोष्ट टोचली. माणसाचे कपडे जबरदस्तीने उतरवणे हा १९८९ च्या कायद्यात पहिल्या दिवसापासून गुन्हा आहे. पण चित्रपटातला हा प्रसंग द्रमुकचे सरकार बरखास्त झाले त्या सुमाराचा, म्हणजे जानेवारी १९७६ चा. तेव्हा देशात होता तो १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा. त्याचेच नाव नोव्हेंबर १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. म्हणजे कबिलनने कोणत्या वकिलाचा ओटा चढायचा म्हटले असते, तरी पुढची तेरा वर्षे या अपमानाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारे कलमच नव्हते. आज ते आहे, आणि ते लाखोंच्या रेट्याने टिकले आहे. २० मार्च २०१८ च्या निकालाने त्याची धार बोथट झाली, तेव्हा २ एप्रिलला देश बंद झाला आणि संसदेला कलम १८-अ घालावे लागले. पण कलम असूनही आमच्या ओटीवरचा पोरगा म्हणतो, जोड द्या.

नाशिक जिल्ह्याला ही मागणी नवी नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचे नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची बांधणी. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून समझोता झाला होता. दोन्ही बाजूंच्या ताकदवान माणसांनी मिळून रथ ओढायचा, असे ठरले होते. बाबासाहेब आपली निवडक धट्टीकट्टी माणसे घेऊन दरवाजापाशी उभे राहिले. आणि काय झाले? आपल्या माणसांचा हात दोराला लागण्यापूर्वीच सवर्णांनी मारामारी उकरून काढली आणि रथ पळवून नेला. कद्रेकर नावाच्या तरुणाने पोलिसांचे कडे फोडले, दगडांचा मारा झाला, रक्त सांडले. विचार करा. देवळाचा प्रश्न बाजूला ठेवा. ताकदीला ताकद लावून पाहायलाही ते तयार नव्हते. ठरलेला सामना टाळून रथ घेऊन पळाले. जोड नाकारणे म्हणतात ते हेच. पुढे पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. दुसऱ्याच्या फडात उभे राहून जोड मागत बसायचे नाही, आपला फड वेगळा मांडायचा, असा त्या घोषणेचा एक अर्थ आम्ही लावतो. एका बाजूला काळाराम, दुसऱ्या बाजूला येवला, मध्ये आमचा निफाड तालुका. आम्ही या दोन टोकांच्या मधोमध राहतो आणि अजून फडाच्या कडेला उभे आहोत.

आता थोडे या दिग्दर्शकाविषयी. पा. रणजित यांचा जन्म १९८२ चा, चेन्नईजवळच्या आवडी भागातला. शिक्षण चेन्नईच्या सरकारी कला महाविद्यालयात. 'अट्टकत्ती' २०१२ साली आला, 'मद्रास' २०१४ साली. 'मद्रास' या चित्रपटात एक भिंत आहे. तिच्यावर कोणत्या पक्षाने आपला चेहरा रंगवायचा यासाठी वस्तीतली पोरे एकमेकांचे जीव घेतात. भिंत वस्तीची, चेहरा पुढाऱ्याचा, रक्त आपले! आपल्याकडच्या किती वस्त्यांना हे लागू पडते ते सांगायला नको. मग 'कबाली' आला, २०१६ साली. त्यात रजनीकांत पहिल्यांदा दिसतात तेव्हा हातात वाय. बी. सत्यनारायण यांचे 'माय फादर बालय्या' हे पुस्तक असते. लाखो लोकांनी शिट्ट्या वाजवल्या त्या एका दलित कुटुंबाचा इतिहास वाचणाऱ्या नायकाला.

आणि २०१८ चा 'काला' तर आपल्या धारावीतला. मूळचे गायकवाड असलेले रजनीकांत त्यात तामिळ वस्तीचे नायक आहेत आणि जमीन गिळायला निघालेला पुढारी झाले आहेत आपले नाना पाटेकर. पुढाऱ्याच्या घरी रामकथा चालू आहे, आणि इकडे काला रावणासारखा लढतो आहे. काळाराम ज्या गावात आहे त्या नाशिकची अंजली पाटील या चित्रपटात लढाऊ कार्यकर्ती झाली आहे. कालाच्या गाडीचा क्रमांक पाहिला का? एमएच ०१ बीआर १९५६. ज्याला कळायचे त्याला कळते, आणि कळले की पडद्याकडे बघण्याची नजर बदलते. सोमनाथ वाघमारे यांच्या 'चैत्यभूमी' माहितीपटामागेही याच माणसाची नीलम संस्था उभी राहिली.

हे आम्ही कौतुकासाठी मोजत नाही. आजवर भारतीय सिनेमात आपण होतो ते मार खाणारे, पाया पडणारे, नायकाच्या दयेने वाचणारे. बाबासाहेबांची तसबीर असलीच तर पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात, साहेबांच्या खुर्चीमागे. रणजित यांनी ती घरात आणली. त्यांची माणसे दुःख दाखवून दया मागत नाहीत. ती नाचतात, भांडतात, प्रेम करतात, चांगले कपडे घालतात, पुस्तके वाचतात. 'सारपट्टा'मधले डान्सिंग रोजचे नाचरे पाय आठवा. शत्रूच्या गोटातला, पण पाहताना मन हरखून जाते. कष्टकऱ्याच्या अंगात कला असते, हे दाखवायला त्याला भाषण लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही त्या रात्री बराच वेळ बोललो. तामिळनाडूत पर्रै हे कातड्याचे वाद्य. त्यावरूनच एका जातीला नाव पडले, आणि त्या नावाने शतकानुशतके शिवी दिली गेली. रणजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या गायक-वादकांनी त्याच परंपरेतले सूर मंचावर मानाने वाजवले. आपल्याकडे हलगीचे काय? हलगीशिवाय कुस्तीचा फड पेटत नाही. हलगी कडाडली की मल्लाच्या अंगात वीज संचारते. पण वाजवणारा कडेला, आणि त्याच्या पोराने लंगोट कसला की "हलगी कुठं ठेवलीस?" बाबासाहेबांनी बलुत्याची हीन कामे सोडायला सांगितली आणि आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ती सोडली. ते योग्यच झाले. वाद्य वाजवण्यात हीनपणा नाही, वाजवण्याची सक्ती हीन होती. सक्ती मोडल्यावर ते वाद्य परत हाती घ्यायचे की नाही, यावर आपल्यात दोन मते असू शकतात. पण त्यावर चर्चा तरी व्हावी.

बैठकीतल्या एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले, "साहेब, ठोसेबाजीचा सिनेमा आणि धम्म यांचा मेळ कसा घालायचा?" प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे. तथागतांची अहिंसा म्हणजे दुबळ्याची लाचारी नव्हे. त्याच ग्रंथात सिद्धार्थ शस्त्रविद्या शिकलेला क्षत्रिय आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारायला तो संघाच्या सभेत विरोध करतो, आणि त्याची किंमत म्हणून घर सोडतो. ज्याला लढता येते त्याने 'लढणार नाही' म्हणणे ही अहिंसा. ज्याला लढूच दिले जात नाही त्याने गप्प बसणे ही अहिंसा नव्हे. बोधिधम्म दक्षिणेतून चीनला गेले आणि शाओलिनच्या भिक्खूंची युद्धकला त्यांच्यापासून सुरू झाली, असे तिकडची परंपरा मानते. इतिहास काहीही असो, भिक्खू आणि शरीरबळ यांच्यात तिथल्या लोकांना विरोध वाटला नाही. आणि दूर कशाला जायचे? समता सैनिक दल १९२७ साली उभे राहिले ते कशासाठी? भीमा कोरेगावला आपण दरवर्षी मानवंदना देतो ती कशाला?

पण रणजित इथेच थांबत नाहीत, म्हणून ते आम्हाला मोठे वाटतात. नागवला गेलेला कबिलन पुढे काय करतो? तनिगावर हल्ला करतो, तुरुंगात जातो, सुटल्यावर दारूच्या धंद्यात शिरतो, स्वतः पितो, पोट सुटते. घरात बायको मरियम्मा आहे. ती रडत कोपऱ्यात बसणारी नाही, तोंडावर जाब विचारणारी आहे. दिग्दर्शक आपल्या नायकाला माफ करत नाही. अपमान खरा होता, पण अपमानाच्या नावाने बाटली उचलण्याचा परवाना मिळत नाही. बांधवहो, हे आपल्याला टोचले पाहिजे. पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. आणि रात्री नदीकाठी मोबाइलच्या उजेडात बसलेली पोरे कोणाची असतात? त्यातल्या प्रत्येकाजवळ सांगण्यासारखा एक खरा अपमान आहे. अन्याय करणाऱ्याने आपल्याला एकदा पाडले. बाटलीने आपण स्वतःला रोज पाडतो. जी आई केरसुणीने बडवत होती, तीच भाग्यम शेवटी पोराला पुन्हा उभे करते. कबिलन म्हाताऱ्या बिडी रायप्पनकडे समुद्रकाठी नव्याने शिकतो आणि निळा झगा घालून रिंगणात येतो. त्या क्षणी घरातल्या सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. निळा रंग त्यांना कोणी भाषांतर करून सांगावा लागला नाही.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. जवळजवळ तीन तास लांबी आहे आणि शेवट घाईत उरकला आहे. जात पडद्यावर सर्वत्र आहे, पण तिचे नाव घेताना संकोच जाणवतो. द्रमुकचा काळा-लाल झेंडा जितका मोठा दिसतो, तितकी त्या पक्षाच्या राजवटीची चिकित्सा दिसत नाही. आणि बाया कितीही तेजस्वी असल्या तरी रिंगणाबाहेरच आहेत. तरीही हा चित्रपट आपल्या कामाचा आहे.

मराठीत हे काम कोणी केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला शेवटचा दगड आपल्या सर्वांना लागला. २०२२ च्या 'झुंड'मध्ये त्यांनी नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे मैदानात उतरवली आणि अमिताभ बच्चन यांना बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडून उभे केले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचा विषयही त्यांनी हाती घेतला, हे चांगले झाले. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारा हा माणूस. त्याला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि सरकारला अर्जुन पुरस्कार सुचला तो खाशाबा गेल्यावर सोळा-सतरा वर्षांनी. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागचे मैदान उभारले, कुस्तीला राजाश्रय दिला. त्या परंपरेचा अभिमान आम्हालाही आहे. पण ज्याला जोडच मिळाली नाही त्या पैलवानाचा चित्रपट मराठीत अजून व्हायचा आहे. आणि तो होण्याआधी ती जोड मिळायला हवी.

म्हणून त्या रात्री ठराव वगैरे न करता आम्ही एक काम अंगावर घेतले. ज्या तालमीत हा पोरगा शिकतो तिथल्या म्हाताऱ्या वस्तादांना भेटायला गेलो. वस्ताद आपल्या समाजाचे नाहीत. आम्हाला चहा दिला, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मातीला जात नसते." आम्ही म्हणालो, "वस्ताद, मातीला नसते. फडाला असते. आणि फडावर पंच म्हणून तुम्ही बसता." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या यात्रेला जोड मी लावतो. याला जोड नाही मिळाली तर मी फडात बसणार नाही."

त्यांनी शब्द पाळला. यंदाच्या यात्रेत त्याच फडात, त्याच पंचांसमोर, याची कुस्ती लागली. पहिल्या पाच मिनिटांत याने पट काढला होता, पण पकड सुटली. अकराव्या मिनिटाला समोरच्याने याला चितपट केले. पोरगा हरला! आई आमच्या शेजारी उभी होती. आम्हाला वाटले, रडेल. ती म्हणाली, "चांगला खेळला." पोरगा उठला, जिंकणाऱ्याच्या हातात हात दिला, आणि हलगीवाल्याजवळ जाऊन त्याच्या खिशात दहाची नोट घातली. मग आमच्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, पुढच्या वर्षी परत यालाच मागतो."

आम्ही वही उघडली नाही. केस नव्हतीच. मात्र घरी येताना एक हिशेब मनात मांडला, तो वाचकांपुढे ठेवतो. प्रत्येक विहाराच्या आवारात दहा बाय दहाचा लाल मातीचा हौद करायला काय लागते? मातीची ट्रॉली, थोडे तेल, ताक, हळद, लिंबू आणि पहाटे उठणारा एक माणूस. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, रणजित यांनी रिंगणाबाहेर ठेवले ते आपण आत आणू. वाचनालयाच्या शेजारी आखाडा असेल, तर पोरगा पुस्तकाकडेही वळेल. जयंतीच्या मिरवणुकीतल्या एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात हे होईल.

कायदा आम्ही लढवत राहूच, तो आमचा धंदा आणि धर्म दोन्ही आहे. पण ज्या पोराला जोड हवी आहे, त्याला फक्त तारीख देऊन भागणार नाही.

जयभीम.